शनिवार ते मंगळवार

आमच्या चर्चच्या मंडळीत मला तीनदा सांगितलं की साक्ष द्यायला उभी रहा आणि तिन्ही वेळेस मी टाळलं. कारण साक्ष म्हणजे शेवटी काहीतरी बरं झालेलं सांगायचं असतं, असंच आपण धरून चालतो ना. आजारी होते, प्रार्थना केली, रिपोर्ट नॉर्मल आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे तसलं काही झालेलं नाही. ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या त्या गेल्याच, आणि आठवड्यातून तीन दिवस, मंगळ-गुरु-शनि, चार चार तास रक्त साफ करायच्या मशीनला लावायला लागतं, डायलिसिस म्हणतात ते, आजही चालूच आहे. मग उभं राहून सांगणार काय? पण सांगण्यासारखं आहे, म्हणून इथे लिहितेय, टाळ्या नसल्या तरी चालतील.

सुरुवात 2022 च्या पावसाळ्यात झाली, म्हणजे आम्हाला कळलं तेव्हा, खरी सुरुवात त्याच्या कितीतरी आधीची. ह्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, गेट, ग्रिल, पत्र्याची शेड असली कामं. बीपी होता हे माहीत होतं, पण गोळी एकदा सुरू केली की कायमची सवय लागते असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं, त्यामुळे दोन महिने घ्यायची आणि चार महिने बंद. त्यात दिवसभर वाकून वेल्डिंग करून कंबर धरायची, मग मेडिकलमधून पेनकिलर, ती पण चॉकलेट खाल्ल्यासारखी. मी शाळेत शिकवते, पोरांना आरोग्याचा धडा शिकवते, आणि घरात हे चाललेलं मला दिसत होतं आणि मी गप्प होते. हे लिहिताना अजून त्रास होतो. मग सकाळी ब्रश करताना उलट्या, अंगाला खाज, पाय असे सुजले की बूट चढेना. क्रिएटिनीन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, तो 11.8 वर चढलेला आणि हिमोग्लोबिन 6.9 वर उतरलेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि मला म्हणाले, ताई आजच डायलिसिस करावं लागेल. मी विचारलं किती दिवस, ते म्हणाले आधी आजचं करू. तेव्हा मला वाटलं माणूस उत्तर टाळतोय, पुढे कळलं की तेच उत्तर होतं.

मानेत कॅथेटर टाकला, म्हणजे रक्त मशीनला न्यायची-आणायची नळी, त्याच्यावर दोन महिने काढले. मग डाव्या मनगटात फिस्टुला केला, म्हणजे हातातली एक धमनी आणि एक शीर ऑपरेशन करून एकमेकीला जोडतात, मग ती शीर फुगून जाड होते आणि तिच्यात डायलिसिसच्या जाड सुया घालता येतात. तयार व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. हे स्पंजचा बॉल दाबत बसायचे, टीव्ही बघताना, जेवायच्या आधी, प्रार्थनेला डोळे मिटले तरी बॉल चालूच. फिस्टुला चालू आहे का हे बघायला त्याच्यावर बोटं ठेवायची, आतून घुर्र असं जाणवतं, मांजर झोपेत घुरघुरतं ना तसं. त्याला तिथे सगळे थ्रिल म्हणतात. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बोटं ठेवली तर काही नाही. सगळं गार, शांत. रक्ताची गाठ होऊन बंद पडला होता. मग परत कोपराजवळ दुसरा केला, परत वाट बघितली, परत बॉल. तेव्हापासून झोपण्याआधी मी ह्यांच्या हातावर बोटं ठेवते. लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती, एवढ्या वर्षांत रोज रात्री नवऱ्याचा हात धरला नव्हता.

लोक भेटायला यायचे. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती समाज मोठा, नात्यात नातं, म्हणजे कळायला वेळ लागत नाही. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं.) केळी, नारळपाणी, मोसंबी घेऊन यायचे, आणि त्यातलं काही म्हणजे काही ह्यांना चालत नाही, सगळ्यात पोटॅशियम. ते सगळं शेजारच्या पोरांनी खाल्लं. वस्तूंचं एवढं नाही, बोलण्याचं व्हायचं. घरात काही पाप लपलंय का बघा. विश्वास कमी पडतोय. देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याला शिक्षा करतो. माझ्या सासूबाई लिहिण्या-वाचण्यात फार नाहीत, पण शास्त्र, म्हणजे बायबल, तोंडपाठ, त्या एकदा एका बाईंना म्हणाल्या की बायबलातल्या त्या दुःखी ईयोबाला दोष देणारे त्याचे मित्र वाईट होते म्हणतात, पण बाई ते आधी सात दिवस तोंड न उघडता त्याच्यापाशी जमिनीवर बसले होते. त्या बाई परत आल्या नाहीत.

आणि मग ती सभा. कुठली, कुणाची ते लिहीत नाही. मोठा मंडप होता, स्टेजवरून सांगितलं की ज्याला बरं व्हायचंय त्याने गोळ्या आणि मशीन यांच्यावरचा भरवसा सोडावा, दोन होड्यांवर पाय ठेवू नका. ह्यांच्या डोळ्यांत मी ते बघितलं, आठवड्यातून सहा सुया टोचून घेणाऱ्या माणसाला असं कुणी सांगितलं तर त्याला काय वाटत असेल. हे म्हणाले, मंगळवारचं आपण सोडून बघू. आणि मी हो म्हणाले. जबरदस्ती कुणी केली नाही, मी हो म्हणाले. शनिवारी डायलिसिस झालेलं, मंगळवार गेला, बुधवारी रात्री दोनच्या सुमाराला हे उठून बसले आणि श्वास लागेना. आडवं होता येईना, बसवेना, ओठ काळेनिळे, छातीतून पाण्यात फुंकर मारल्यासारखा आवाज. साठलेलं पाणी फुप्फुसात शिरलं होतं. आम्ही राहुरीच्या बाजूला राहतो, नगर-मनमाड रोडचे खड्डे ज्यांना माहीत आहेत त्यांना सांगायला नको त्या रात्रीचा रस्ता कसा गेला असेल. शेजारच्या भाईजानने त्यांची गाडी काढली, ते सारखे या अल्लाह या अल्लाह करत होते, आणि माझ्या तोंडून तर देवाचं नावच निघत नव्हतं.

ह्यांना आत नेलं आणि मी आयसीयूच्या बाहेर उभी. मी त्या वेळेस देवाला जे बोलले ते प्रार्थनेत बसणारं नाही. तू आहेस का नाहीस, एवढं एकदा सांगून टाक, मग आम्ही आमचं बघतो, असं. मोठ्याने बोलले की मनात ते पण आठवत नाही. तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी आल्या, माझ्या पायांकडे बघितलं. मी घरातून तशीच अनवाणी निघाले होते, मला पत्ताच नव्हता. त्यांनी स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या, म्हणाल्या, घाला बाई, फरशी लई गार हाय, मला सवय हाय. आणि पुढे पुसत गेल्या. एवढंच. आवाज आला नाही, प्रकाश दिसला नाही. निळ्या पट्ट्यांच्या स्लीपर होत्या, एक पट्टा सुतळीने बांधलेला. सकाळी परत करायला शोधलं तर त्यांची ड्युटी संपली होती, मग सिस्टरकडे ठेवून आले. मी ही गोष्ट बरेच दिवस कुणाला सांगितली नाही, कारण ऐकणारा लगेच म्हणणार, बघ देवाचं उत्तर. असेल पण. पण मला ते असं चटकन गाठ मारून टाकायचं नव्हतं.

ह्यांना सहा दिवसांनी घरी आणलं. आमच्याकडे चर्चचे एक रिटायर झालेले पाळकसाहेब आहेत, सत्तरीच्या पुढचे. ते आले, बिनसाखरेचा चहा प्यायले, आणि म्हणाले, बाई, गुरुवारी तुझी शाळा असते ना, गुरुवारी मी बसत जाईन ह्याच्यापाशी. मी त्यांना सभेचं सगळं सांगितलं, रडले, म्हटलं आता मला वचन, बायबल, उघडवत नाही. ते म्हणाले, नको उघडू, कुठे थांबली होतीस? मी वर्षात पूर्ण शास्त्र वाचायचं असा तक्ता लावला होता आणि त्यातल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायावर अडकले होते. म्हणाले, मग तिथेच रहा, तक्ता फाडून टाक. आणि खरंच, पुढचं वर्षभर मी निर्गम 16 आणि 17 एवढे दोनच अध्याय वाचत होते, पुढे नाही, मागे नाही.

सोळावा अध्याय मान्नाचा. लहानपणापासून ऐकलेला, संडे स्कूलला कापसाचा मान्ना करून नाटक पण केलेलं. मिसरातून निघालेल्या, रानात भुकेल्या इस्राएली लोकांना सकाळी जमिनीवर काहीतरी पांढरं दिसलं, ते म्हणाले हे काय आहे, त्यावरूनच मान्ना हे नाव पडलं. माणशी एक ओमर, म्हणजे त्यांचं एक माप, घ्यायचं, त्या दिवसापुरतं. काहींनी दुसऱ्या दिवसाला ठेवलं तर त्यात किडे पडले, घाण सुटली. हे मी हजार वेळा वाचलं असेल, पण डायलिसिसच्या हॉलबाहेरच्या बाकड्यावर बसून वाचताना अंगावर काटा आला. कारण आत तेच चाललं होतं. मशीन रक्त साफ करतं ते दोन दिवसांपुरतं. आज जास्त करून घेऊ म्हणजे पुढच्या आठवड्याची कटकट नको, असं चालत नाही. साठवता येत नाही. तीन दिवसांनी ते शिळं होतंच, बुधवारची ती रात्र म्हणजे दुसरं काय होतं.

ह्यांना घरी येऊन वाचून दाखवलं, तर हे म्हणाले, पण सहाव्या दिवशी त्यांना डबल मिळत होतं, दुसऱ्या दिवशीच्या शब्बाथासाठी, विसाव्याच्या दिवसासाठी, मग मला शनिवारी डबल का नाही? आणि हसले. आजारानंतर पहिल्यांदा हसले असतील. पण मुद्दा खरा होता. मंगळ-गुरु-शनिवाल्यांना शनिवार ते मंगळवार हा लांबचा गॅप पडतो आणि तो सगळ्यात अवघड, डॉक्टर पण तेच सांगतात. रविवारी ठीक असतं, सोमवारी चेहरा सुजतो, जिना चढताना दम लागतो. लघवी जवळजवळ बंदच झालेली, त्यामुळे प्यायलेलं सगळं आतच. दिवसाला एक लिटर पाणी, त्यात चहा, वरण, ताक सगळं आलं. मुलगी तेव्हा अकरावीला, तिने वही केली, पप्पांनी काय प्यायलं ते एमएलमध्ये लिहायची. पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, त्या एवढुशा कपात द्राक्षरस किती, दहा एमएल तरी असेल का, पण हे बाकावर बसल्या बसल्या तिला खुणेने सांगायचे, लिही. पुढच्या बाकावरच्या काकूंना वाटायचं बापलेक काहीतरी चेष्टा करतायत. तशी चेष्टाच होती, आणि नव्हती पण.

आपल्या रोजच्या प्रार्थनेत रोजची भाकर आज दे असं आहे. मी लहानपणापासून ते एका दमात म्हणत आले. आता त्यातल्या आज शब्दावर अडखळायला होतं. किडनी मिळू दे, वर्कशॉप परत उभं राहू दे, मुलीचं शिक्षण होऊ दे, माझ्या प्रार्थनेत हे सगळं पुढच्या दहा वर्षांचं सामान होतं आणि देव ते ऐकत नाही म्हणून माझा राग. एकेका दिवसाचं मात्र मिळत होतं, ते मी मोजतच नव्हते. केशरी रेशनकार्ड होतं म्हणून डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलं. इंजेक्शनं, पेट्रोल, तपासण्या खिशातून, पण मुख्य खर्च टळला. हेडबाईंनी माझे पहिले दोन तास दुसऱ्यांना वाटून दिले. यातलं एकही एका दिवसाच्या वर पुरणारं नाही, आणि एकही दिवस चुकलं नाही. आता कुणी म्हणेल ही सरकारी योजना आहे, हा शाळेचा टाइमटेबल आहे, देवाचं काय त्यात. म्हणू दे, त्यांच्याशी वाद घालायला मला वेळ नाही.

सतरावा अध्याय तहानेने सुरू होतो. लोकांना पाणी नाही, ते त्यांच्या पुढाऱ्याशी, मोशेशी भांडतात, खडकातून पाणी निघतं, आणि त्या जागेला नाव काय पडतं तर मस्सा आणि मरीबा, परीक्षा आणि भांडण. कारण त्यांनी विचारलं होतं, परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? म्हणजे मी आयसीयूबाहेर जे ओरडले तेच. वाचून आधी भीती वाटली, मग बरं वाटलं. खडकातलं पाणी ज्यांना मिळालं ते हेच लोक होते की, भांडणारेच. आणि तहान म्हणजे काय ते आमच्या घरात माहीत होतं. उन्हाळ्यात हे बर्फाचा एक खडा तोंडात धरून अर्धा अर्धा तास बसायचे, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायचो, ह्यांना ग्लासाचा आवाज येऊ नये म्हणून नळाखाली ओंजळ धरून.

हॉलमध्ये दहा बेड. चार नंबरला एक वारकरी आजोबा होते, पाथर्डीकडचे, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. सुया लागल्या की डोळे मिटून हरिपाठ सुरू, हळू आवाजात. एकादशीला साबुदाणा आणि शेंगदाणे खाऊन यायचे आणि डायटिशियनची बोलणी खायचे, उपासाला बटाटा नाही, दाणे नाही, मग आजोबा विचारायचे, मंग बाई म्या खावं काय, नाम? आषाढीला पालखी मोबाइलवर बघत पडलेले असायचे. एकदा ह्यांच्या पायाला असा गोळा आला की हे ओरडले, बीपी पडला, मशीन वाजायला लागलं, मी पाय दाबत होते आणि रडत होते. टेक्निशियनने सांभाळलं सगळं. नंतर आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, माउली, तुमच्या देवाला काय म्हनता ठाव न्हाई, आमचा तर अठ्ठावीस युगं उभा हाय, काय करत न्हाई, निस्ता उभा हाय, बसला सुदिक न्हाई. आपल्याला चार तास निजून ऱ्हायाला जमंना.

हे मी गुरुवारी पाळकसाहेबांना सांगितलं. मला वाटलं ते गप्प बसतील नाहीतर विषय बदलतील. ते म्हणाले, अगं, तुझा सतरावा अध्याय संपलाच नाहीये अजून, पुढे वाच. पुढे अमालेकी लोकांशी लढाई आहे. मोशे टेकडीवर हात वर धरून उभा, हात वर असले की आपले जिंकतात, खाली आले की हरतात. हात जड झाले, मग त्याला बसायला धोंडा दिला, आणि एका बाजूने अहरोन आणि दुसऱ्या बाजूने हूर, दोघांनी त्याचे हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत हात स्थिर राहिले. पाळकसाहेब सेमिनरीत, पाळक व्हायच्या शाळेत, इब्री शिकलेले, बायबलाचा हा भाग मुळात त्या भाषेत आहे. ते म्हणाले, इथे स्थिर म्हणून जो शब्द आहे ना, एमुना, तोच शब्द बायबलातल्या विलापगीत या पुस्तकात आहे, रोज सकाळी तुझी करुणा नवी होते असं म्हणून झाल्यावर देवाच्या ज्या सत्यतेबद्दल बोलतो तिथे. देवाची विश्वसनीयता म्हणतो आपण, तो शब्द तिथे एका थकलेल्या म्हाताऱ्याच्या हातांसाठी वापरलाय, आणि ते पण स्वतःच्या जोरावर न टिकलेल्या हातांसाठी.

मी काचेतून आत बघितलं. ह्यांचा डावा हात उशीवर सरळ, दोन सुया, चिकटपट्ट्या, चार तास हलवायचा नाही. हलवला तर सुई सरकते, शीर फुगते, काळंनिळं होतं. बाजूला टेक्निशियन पोरगा दाब बघतोय. हूर कोण होता हे तिथे काहीच सांगितलेलं नाही, नुसतं नाव. मला भाईजानची गाडी आठवली, सुतळीची स्लीपर आठवली. पाळकसाहेब तेवढ्यात डबा उघडून कोबीची भाजी खायला लागले होते, उकळून पाणी काढून टाकलेली, ह्यांच्यासाठीची, म्हणाले चव काही नाही गं हिला.

किडनीचं पण सांगून टाकते, नाहीतर सगळे तेच विचारतात. माझा ग्रुप बी, ह्यांचा ओ, त्यामुळे माझी सरळ चालत नाही. सासूबाई तयार होत्या, पण वय आणि शुगर. दिराचा ग्रुप जुळला, त्याने लगेच हो म्हटलं, आणि तपासणीत त्यालाच शुगर निघाली. तो आमच्यापुढे रडला, जसा काही त्याचा गुन्हा. पुण्याच्या हॉस्पिटलमार्फत प्रतीक्षायादीत नाव आहे. रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला की अजून छातीत धस्स होतं, आणि तो लोन देणाऱ्यांचा असतो. आणि किडनी मिळतेय असा फोन येणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरात त्या दिवशी काय झालेलं असणार, हे पण कळतं. म्हणून त्या फोनसाठी प्रार्थना कशी करायची हे मला अजून जमलेलं नाही, मी तिथे गप्प बसते.

हे आता तीन दिवस सोडून वर्कशॉपला जातात, जड काम नाही, पोरगा ठेवलाय, हे मापं घेतात आणि ओरडतात. नाताळला करंज्या केल्या, ह्यांना दोन दिल्या, वहीत करंजी कशात मोजायची यावर बापलेकीचं भांडण झालं. मुलगी आता नर्सिंगला आहे.

चार नंबरचे आजोबा गेल्या दिवाळीनंतर गेले. दोन-तीन आठवडे त्या बेडवर कुणी ना कुणी बदलतं पेशंट असायचं. मग परवाच्या शनिवारी तिथे चोवीस-पंचवीसचा पोरगा आला, मानेत कॅथेटर, थंडी वाजून थडथडत होता, पहिलाच दिवस. त्याची आई बाहेर बाकड्यावर, माझ्या शेजारी. हातात पिशवी, पिशवीत केळी आणि दोन शहाळी. बराच वेळ काही बोलली नाही, मग मला म्हणाली, ओ ताई, हे किती दिवस करावं लागतं?

मी म्हटलं, सकाळपासून काही खाल्लंय का तुम्ही? नाही म्हणाली. मी तिची पिशवी उचलली आणि आम्ही खाली कॅन्टीनला गेलो.